किटलीतला थर काढायचाय? आधी प्लग काढा

प्रश्न : आमच्याकडे दीड लिटरची स्टीलची इलेक्ट्रिक किटली आहे. पिण्याचं गरम पाणी दिवसभर तिच्यातच होतं. बुडाला पांढरा आणि कडेला पिवळट असा कडक थर बसलाय, पेल्यात त्याचे पापुद्रे येतात. सासूबाईंनी सुरीनं खरवडून पाहिलं. थोडा थर निघाला, पण स्टीलवर ओरखडे पडले. मग मी मोबाइलवर बघून अर्धी किटली व्हिनेगर ओतलं आणि उकळायला लावलं. फेस इतका आला की झाकणातून आणि तोटीतून बाहेर आला, खालच्या स्टँडवर सांडला, आणि वासानं घरभर खोकला सुरू झाला. जाऊबाई म्हणतात, बाथरूमच्या टाइल्स धुवायच्या ॲसिडचे दोन थेंब टाक, चकचकीत होईल. तेवढं धाडस मला झालं नाही. आता किटली पाणी उकळायच्या आधीच टक् करून बंद होते. हा थर पोटात गेला तर मूतखडा होतो का? थर काढायचा सुरक्षित मार्ग कोणता, की किटली टाकूनच द्यायची?

उत्तर : ताई, टाइल्सचं ॲसिड किटलीत पडलं नाही, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी. त्याबद्दल पुढे लिहितेच. पण आधी त्या स्टँडचं बघू. तुम्ही तो अर्ध्या वाक्यात उरकलाय, आणि मला काळजी वाटली ती त्याचीच.

स्टँडच्या मधोमध जो गोल खुंट असतो, त्यातूनच किटलीला वीज मिळते. त्याच्या खाचांत व्हिनेगर शिरून राहिलं तर आतली धातूची टोकं गंजतात, आणि ओल असताना प्लग लावला तर शॉर्टसर्किट होऊ शकतं, शॉकही बसू शकतो. भिंतीवरचं बटण बंद करा, कोरड्या हातानं प्लग काढा. स्टँड आधी ओलसर फडक्यानं पुसा म्हणजे आंबटपणा निघेल, मग कोरड्या फडक्यानं पुसून एक अख्खा दिवस पालथा ठेवून द्या. किटलीच्या बुडाखालचा, खुंटावर बसणारा भागही तसाच पुसा. वाळल्यावर उजेडात नीट बघा. धातू काळा किंवा हिरवट पडलाय, प्लास्टिक वितळल्यासारखं दिसतंय, जळका वास येतोय, यातलं काहीही आढळलं तर पुढचं वाचायची गरज नाही. ती किटली वापरातून काढा. सगळं स्वच्छ आणि कोरडं असेल तर पुढे जाऊ. स्टँड वाळेपर्यंत हात बांधून बसायचंही कारण नाही, कारण थर काढायला किटली विजेला जोडावीच लागत नाही. माझ्या पद्धतीचं सगळं सार खरं तर एवढंच आहे. किटलीत ॲसिड असेपर्यंत प्लग बाहेर.

फेस का आला, ते समजलं की बाकीचं आपोआप समजेल. हा थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, थोडंफार मॅग्नेशियम. खडू आणि संगमरवर ज्याचे बनतात, तेच हे. जमिनीतून येणाऱ्या पाण्यात ते बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे न विरघळणारं कार्बोनेट उरतं. त्यात आणखी एक गंमत अशी, की साखर किंवा बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, तर हे गरम पाण्यात कमी विरघळतं. म्हणून ते किटलीत सगळ्यात तापलेल्या जागी, म्हणजे बरोबर बुडाच्या प्लेटवर जाऊन बसतं.

पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेली ही खनिजं, लिटरमागे किती मिलिग्रॅम, असा मोजतात. साधारणपणे ६० पर्यंतचं पाणी मृदू, १२० च्या वरचं जड आणि १८० च्या पुढचं फार जड धरलं जातं. समजा तुमचं पाणी ३०० चं आहे आणि दिवसाला चार लिटर पाणी तापतं. म्हणजे महिन्याला सुमारे ३६ ग्रॅम खनिजं किटलीतून जातात. त्यातली बहुतेक पेल्यातून पुढे निघून जातात हे खरं, पण दहावा हिस्सा जरी बुडाला चिकटून राहिला तरी वर्षभरात चाळीसेक ग्रॅमचा दगड तयार. तुमच्याकडे काहीतरी असंच झालेलं दिसतंय. यात कोणाचा गबाळेपणा नाही, पाणीच तसं आहे.

आता या दगडावर ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. किती? दहा ग्रॅम थर विरघळला तर जवळजवळ अडीच लिटर वायू. तुमची किटली दीड लिटरची, त्यात अर्धी भरलेली, वरून उकळी. फेस बाहेर येणारच होता. मोबाइलवरच्या व्हिडिओत असं होत नाही, कारण तिथल्या किटलीत बहुधा नावापुरताच थर असतो. आणि खोकला आला तो वाफेबरोबर उडालेल्या ॲसेटिक ॲसिडमुळे. व्हिनेगर थंड असताना निरुपद्रवी वाटतं, पण उकळत्या व्हिनेगरची वाफ डोळ्यांना आणि घशाला चांगलीच झोंबते. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर हा प्रयोग मुळीच करू नये. ‘व्हिनेगर घालून उकळा’ हा सल्ला इतक्या ठिकाणी दिसतो की तो बरोबरच असेल असं वाटायला लागतं. मला तो पटत नाही. उकळण्यानं काम थोडं लवकर होतं, त्यापलीकडे काहीही मिळत नाही.

त्यापेक्षा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडची पूड घ्या. वास नाही, वाफेचा त्रास नाही, आणि पुढच्या वापरात चव मागे राहत नाही. आधी किटलीबरोबर आलेलं माहितीपत्रक सापडतंय का बघा. त्यात थर काढण्याबद्दल वेगळं काही सांगितलं असेल तर ते माझ्या शब्दापेक्षा वरचं.

दुसऱ्या पातेल्यात अर्धा लिटर पाणी उकळा. प्लग काढलेली किटली सिंकमध्ये उभी ठेवा, म्हणजे सांडलंच तर तिथेच सांडेल. पण सिंक कोरडं हवं, त्यात पाणी साचलेलं नको; किटलीचं बूड भिजता कामा नये. किटलीत आधी अर्धा लिटर साधं पाणी घाला, वरून ते उकळतं पाणी ओता. दोन्ही मिळून साधारण ६० अंशांचं पाणी होतं आणि आपल्याला तेवढंच हवंय. आता दोन मोठे चमचे, म्हणजे अंदाजे ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घ्या आणि ते थोडं थोडं करून सोडा. एकदम नको. पहिल्या चिमटीलाच सूं सूं आवाज येऊन बुडबुडे उठतील. ते बसले की पुढचं. झाकण उघडंच राहू द्या. पूड टाकताना तोंड किटलीवर आणू नका, ती डोळ्यात उडाली तर जळजळ होते. हातांना कुठे कापलं असेल तर रबरी हातमोजे घाला, नाहीतर साधं ॲसिडही ‘आई गं’ म्हणायला लावतं.

मग अर्धा तास किटली विसरून जा. पण घरातल्या इतरांना विसरू देऊ नका! दांड्याला एक कागद बांधा, त्यावर मोठ्या अक्षरात ‘पिऊ नका’ असं लिहा. हे पाणी दिसायला स्वच्छ असतं आणि किटलीतलं पाणी विचार न करता ओतून घ्यायची सगळ्यांनाच सवय असते. कोणी चुकून घोटभर प्यायलंच तर या प्रमाणातल्या सायट्रिक ॲसिडनं घाबरण्यासारखं काही होत नाही. चूळ भरून साधं पाणी प्यायला द्या. थर काढायचं बाजारातलं तयार औषध किंवा तीव्र ॲसिड पोटात गेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा उलटी काढायला लावू नका, पाकीट किंवा बाटली हातात घ्या आणि थेट डॉक्टरांना गाठा.

अर्ध्या तासानं पाणी ओतून टाका. बुडाचा थर मऊ झाला असेल, तो भांड्यांच्या मऊ स्पंजनं किंवा लाकडी चमच्याला गुंडाळलेल्या फडक्यानं हलकेच फिरवून काढा. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा. याचा अर्थ ॲसिडचं काम अजून व्हायचंय. ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड हिशेबानं वीसेक ग्रॅम थर विरघळवू शकतं, त्याहून जास्त थर असेल तर पहिल्या खेपेला ते संपून जातं. बुडबुडे थांबलेत आणि थर मात्र तसाच आहे, तर त्याच पाण्यात आणखी तासभर थांबून काही होणार नाही. ते ओता आणि नवं घ्या. तुमच्या वर्णनावरून दोन-तीन खेपा लागतील असं वाटतंय.

एकदाच दुप्पट पूड टाकून उकळलं तर? हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असणार. तिथेच सायट्रिक ॲसिडची खोड आहे. थर विरघळताना कॅल्शियम सायट्रेट तयार होतं, आणि तेही गरम पाण्यात कमीच विरघळतं. फार थर, घट्ट द्रावण आणि उकळी, हे तिन्ही एकत्र आलं की ते पांढऱ्या बारीक रेतीसारखं पुन्हा बुडाशी बसतं. लोक म्हणतात, ‘सायट्रिक ॲसिडनं उलट जास्त पांढरं झालं.’ झालेलं असतं ते हे. तसं दिसलं तर घाबरू नका. ती रेती धुऊन काढा आणि पुढची खेप कोमट पाण्यात करा.

तोटीजवळची बारीक जाळी बहुतेक किटल्यांत ओढून काढता येते. ती वाटीत वेगळी भिजत घाला, तिच्या भोकांत अडकलेले कण किटलीत भिजवून नीट निघत नाहीत. झाकणाच्या रबरी वायसरवरून तेच पाणी लावलेलं फडकं फिरवा. एवढं झालं की किटली तीनदा विसळा. नळाखाली धरताना बूड आणि दांड्यातलं बटण ओलं होऊ देऊ नका. पाण्यात बुडवून धुणं तर कधीच नाही. शेवटी बाहेरून पुसून, स्टँडही कोरडा आहे याची खात्री करून, खुणेपर्यंत साधं पाणी भरून एकदा उकळा आणि फेकून द्या. पुन्हा एकदा तसंच करा. त्यानंतरचं पाणी पिण्याचं.

घरात फक्त व्हिनेगर असेल तर तेही चालतं, पण याच पद्धतीनं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, कोमट, प्लग काढलेला, खिडकी उघडी. तासभर तरी ठेवावं लागेल. थर काढायला त्याची ताकद पुरेशी आहे. पाव लिटर ५ टक्क्यांचं व्हिनेगर दहाएक ग्रॅम थर विरघळवतं, आणि त्यातून होणारं कॅल्शियम ॲसिटेट पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे त्या रेतीचा त्रासही नाही. त्रास वासाचा. प्लास्टिकची किटली आणि रबरी वायसर तो वास धरून ठेवतात आणि चार-पाच वेळा पाणी उकळून टाकावं लागतं. रंगीत व्हिनेगर वापरू नका. आणि ‘ग्लेशियल’ असं लिहिलेली ॲसेटिक ॲसिडची बाटली तर घरात आणूही नका, ते जवळजवळ शुद्ध ॲसिड असतं आणि त्वचा भाजते. लिंबाचा रस? चालतो, त्यात सायट्रिक ॲसिडच असतं. पण तुमच्याएवढ्या थराला इतकी लिंबं पिळावी लागतील की हात दुखतील, आणि गर किटलीत राहील तो वेगळाच.

आता जाऊबाईंच्या ॲसिडकडे. टाइल्स आणि संडास धुवायच्या अशा बाटल्यांत बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. थर ते क्षणात खातं, याबाबतीत जाऊबाईंचं खरं आहे. पण स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ पापुद्र्यामुळे, आणि हे ॲसिड नेमका तोच फोडतं. मग स्टीलला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते वाढत वाढत आरपार गेले की पाणी खाली विजेच्या भागात उतरतं. शिवाय त्या बाटलीत रंग, सुगंध आणि घट्टपणा आणणारी द्रव्यं असतात. ज्या भांड्यातलं पाणी प्यायचं त्यात ती हवीतच कशाला? ‘दोन थेंब’ म्हणत कोणीही दोनवर थांबत नाही, हे आणखी.

ब्लीच, म्हणजे कपडे पांढरे करायचं किंवा फरशी निर्जंतुक करायचं द्रावण, थराला काहीच करत नाही. ते ॲसिडबरोबर मिसळलं तर मात्र क्लोरीन वायू निघतो, आणि तो फुप्फुसांना इजा करतो. हे मिश्रण किटलीतच व्हायला हवं असंही नाही. सकाळी सिंकमध्ये ब्लीच ओतलेलं असेल आणि दुपारी तुम्ही त्याच सिंकमध्ये किटलीतलं ॲसिड ओतलं, तरी तेच. त्या दिवशी सिंक आधी भरपूर पाण्यानं धुऊन घ्या. चुकून वास आलाच तर आवरायला थांबू नका, सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत जा.

व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालायचा उपायही तुमच्यापर्यंत आला असेल. बुडबुडे भरपूर येतात, बघायला छान वाटतं, आणि थर जागच्या जागी राहतो. सोडा ॲसिडला मारून टाकतो. मग थराशी भांडायला उरतं कोण? मीठ घालून घासायचा उपायही नको, ॲसिड आणि मीठ ही जोडी स्टीलला खड्डे पाडायला मदतच करते. तारेची घासणी तर अजिबात नको. ती ओरखडे पाडतेच, वर तिचे बारीक लोखंडी कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि चार दिवसांनी तिथे तांबेरा दिसतो. लोकांना वाटतं किटली गंजली. गंजलेली असते ती घासणी.

सासूबाईंच्या सुरीनं पडलेल्या ओरखड्यांचं मनावर घेऊ नका. स्वच्छ पाणी आणि हवा मिळाली की स्टीलवरचा तो क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा आपला आपण पुन्हा तयार होतो. एवढंच की ओरखड्यांत थर थोडा लवकर धरेल. थर निघाल्यावर बुडाला निळसर-सोनेरी झाक दिसली तर तीही निरुपद्रवी आहे.

बाजारात किटलीचा थर काढायची तयार पूड किंवा द्रावण मिळतं. बऱ्याच वेळा त्यात सायट्रिक किंवा सल्फॅमिक ॲसिड असतं. सल्फॅमिक जास्त जोरकस असतं आणि त्याचा कॅल्शियमशी होणारा क्षार सहज विरघळतो, म्हणून जाड थराला ते उपयोगी पडतं. वापरायचं असेल तर पाकिटावर लिहिलंय तेवढंच प्रमाण आणि तेवढीच वेळ, हातमोजे घालून. दोन वेगवेगळी औषधं एकत्र नाहीत.

किटली लवकर बंद होते, याचं कारण बहुधा थरच आहे. सपाट बुडाच्या किटलीत कॉइल प्लेटच्या खालच्या अंगाला असते. वर थर बसला की उष्णता पाण्यात जायला अडते आणि प्लेट स्वतःच अवाजवी तापते. थंडीत अंगावर गोधडी असते तसं ते. प्लेटखाली एक सुरक्षा बटण असतं. किटलीत पाणी नसताना कोणी ती सुरू केली तर कॉइल जळू नये म्हणून ते वीज तोडतं. जाड थराखाली प्लेट इतकी तापते की त्या बटणाला वाटतं, किटली कोरडीच आहे. म्हणून टक्. म्हणजे तुमची किटली बिघडलेली नाही, ती स्वतःला वाचवतेय. हे ‘वाटणं’ म्हणजे तरी काय, दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकांना चिकटवलेली चकती. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, म्हणून चकती वाकते आणि संपर्क तोडते. १८व्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीनं ही युक्ती जहाजावरच्या घड्याळासाठी वापरली होती, थंडी-उन्हानं घड्याळाची चाल बदलू नये म्हणून.

उकळी आल्यावर किटली बंद करणारी चकती निराळी, ती दांड्याजवळ असते आणि तिला झाकणाजवळच्या भोकातून वाफ मिळते. ते भोक थरानं बुजलं किंवा झाकण नीट लागलं नाही तर किटली बंदच होत नाही, उकळतच राहते. तुमच्याकडे तसं नाही, पण साफ करताना तेही भोक बघून घ्या. थर पूर्ण निघाल्यावरही किटली अर्ध्यातच बंद होत राहिली तर दोष त्या बटणात किंवा कॉइलमध्ये आहे. ते घरी उघडू नका. आणि ‘थर्मोस्टॅट बायपास करून देतो, मस्त चालेल’ असं म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मूतखड्याचं. पेल्यात आलेले पापुद्रे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात आधीही होतंच, फक्त दिसत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणानं कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. मूतखडे बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते शरीरात तयार होतात. किटलीतला पापुद्रा गिळला म्हणून तो तसाच मूत्रपिंडात जाऊन बसत नाही. घरात कोणाला आधीच खड्यांचा त्रास असेल तर पाणी कोणतं आणि किती प्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, तो किटलीचा प्रश्न नाही. पापुद्रे तोंडात आले की किळस वाटते हे मात्र मान्य. तोटीची जाळी नीट बसवा आणि शेवटचा घोटभर पाणी किटलीतच राहू द्या.

पुन्हा एवढा थर बसू द्यायचा नसेल तर रात्री किटली रिकामी करून झाकण उघडं ठेवा. तळाशी राहिलेलं पाणी वाळतं तेव्हा त्यातला सगळा क्षार तिथेच राहतो. लागेल तेवढंच पाणी तापवा; तेच पाणी पुन्हा पुन्हा तापवणं टाळा. घरात आरओचं किंवा मऊ केलेलं पाणी असेल तर किटलीत ते भरा, थर फारच हळू धरेल. आणि बुडाची चमक जाऊन पांढुरकी साय दिसायला लागली की लगेच एक चमचा सायट्रिक ॲसिड आणि कोमट पाणी. पातळ थर पंधरा मिनिटांत जातो, त्याला खेपा लागत नाहीत. कॅलेंडरवर तारीख टाकून ठेवण्यापेक्षा बुडाकडे बघणं बरं. प्रत्येक घरचं पाणी वेगळं.

तुमची किटली स्टीलची आहे म्हणून हे सगळं बिनधास्त सांगितलं. काच आणि प्लास्टिकलाही हीच पद्धत चालते. ॲल्युमिनियमची, किंवा आतून तांब्या-पितळेची किटली असेल तर ॲसिड धातूलाच खातं, तिथे अगदी सौम्य पाणी आणि पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. मिन्याच्या किटलीचा मुलामा ॲसिडनं निस्तेज होतो, टवका उडालेला असेल तर आतलं लोखंड गंजतं. थर्मासमधला थरही याच द्रावणानं निघतो, पण ते भरून झाकण घट्ट फिरवून ठेवायचं नाही. त्या अडीच लिटर वायूला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर झाकण उडून चेहऱ्यावर येईल. ओटा संगमरवरी असेल तर त्यावर हे द्रावण सांडू देऊ नका. दगडावर पांढरा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही, कारण तिथला दगडच विरघळलेला असतो.

किटली टाकायची का, तर आत्ता नाही. आधी थर काढा, कोरडी करा, दोनदा पाणी उकळून बघा. बुडाखालून थेंबभर जरी पाणी झिरपताना दिसलं, किटलीला हात लावताना झिणझिण्या आल्या, ती सुरू केल्यावर घराचं सेफ्टी स्विच पडायला लागलं, किंवा वायर आणि प्लग नेहमीपेक्षा गरम लागले, तर मात्र त्याच दिवशी ती बंद करा. वायर कापून टाका म्हणजे भंगारातून उचलून कोणी पुन्हा वापरणार नाही.